कूलरसमोर जुळवलेला बोर्ड

सातवीत शाळा सुटली आणि मी कोकणातून थेट विदर्भात, आर्वीला येऊन पडलो, वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या दुकानात. सगळे त्यांना भाऊ म्हणत. हातात सोल्डरिंग आयर्न त्यांनी दिलं, झोपायला दुकानातच जागा दिली. मला आज जे येतं ते त्यांच्यामुळे. हे आधीच लिहितो, पुढचं वाचून कुणी त्यांना नावं ठेवू नयेत म्हणून.

तेव्हा, म्हणजे ऐंशी सालानंतर, सेटमध्ये प्रत्येक चॅनेलला फ्रिक्वेन्सी ठरवणारा वेगळा क्रिस्टल लागायचा आणि तो मुंबईहून यायला महिने जायचे. भाऊंनी ठरवलं, एकाच क्रिस्टलवर चालणारा छोटा बोर्ड करायचा. चाकांवर आकडा फिरवला की हवी ती फ्रिक्वेन्सी. आकृती त्यांची. तांब्याच्या पत्र्यावर पेंटने रेघा ओढून ती बसवायची मी. म्हणाले, "जमलं तं राह्यशीन. नाई तं आपल्या गावाले जाजो." गावी जाऊन करायचं काय, या विचाराने मी एकेक रेघ दोनदा तपासायचो.

मे महिन्यात बोर्ड झाला. मी तो कूलरसमोरच्या टेबलावर जुळवला, कारण उकाड्याने दुसरीकडे बसवतच नव्हतं. फ्रिक्वेन्सी मोजायच्या मीटरचा शेवटचा आकडासुद्धा हलेना. मग कापसाच्या एका जिनिंगवाल्याच्या तापलेल्या टिनाच्या शेडमध्ये लावला, तर जरा वेळाने आकडा सरकायला लागला आणि पलीकडच्या सेटवरचा आवाज विरून गेला.

भाऊ ओरडले नाहीत. जिनिंगवाल्याकडे पाहून म्हणाले, "कोकणातला माल आहे. उन्हात पघळते."

शेडमधले हमालसुद्धा हसले. त्या दिवसापासून माझं नाव पघळ्या. भाऊंनी मला बोर्डाजवळच बसवलं; तो जेवढा तापेल तेवढा तूही ताप, म्हणाले. उठलो की विचारायचे, कूलर आठवून राह्यला का. दुपार कलली तेव्हा म्हणाले, "कोंबडीच्या पिलाले बल्ब लावतेत, तेवढीही अक्कल नाई तुले?"

त्यावरून सुचलं. क्रिस्टल पत्र्याच्या डबीत ठेवला, आत बारका बल्ब, आणि तापलं की बल्ब विझवणारी पट्टी, जुन्या इस्त्रीतली. शेडपेक्षा डबीच जास्त गरम, म्हणजे बाहेर काही होवो, आतली गरमी तीच. फ्रिक्वेन्सी त्याच गरमीत जुळवली.

दुसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा भाऊंनी दुकानातून माझी पिशवी आणली आणि सगळ्यांसमोर शेडच्या खिळ्याला टांगली. "आकडा सरकला तं संध्याकाळची एसटी हाय."

भर दुपार झाली. माझ्या कपाळाचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायचं धाडस होईना. हात हलला तर आकडा हलेल असं वाटायचं. आकडा हलला नाही. पलीकडून ट्रकवाल्याचा आवाज स्वच्छ आला, शिव्यांसकट.

जिनिंगवाल्याने विचारलं, कोणी केला. "मी," भाऊ म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पघळ्या, चाय सांगून ये. आन् उद्या सकाळी लवकर उठजो, दुसरा बोर्ड घ्याचा आहे."

उद्या, म्हणाले. मी चहा सांगायला पळत गेलो.