आत्याच्या नवऱ्याची बोट

आमच्या आत्याला कुणी चुकून विधवा म्हटलं की ती अंगावर धावून यायची. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि नवरा कुठे असतो म्हणून विचारलं तर "बोटीवर" एवढंच उत्तर. आता ही बोट होती दुसऱ्या महायुद्धातली! लग्नाला जेमतेम वर्ष झालं आणि तिचा नवरा मुंबईला जाऊन मालाच्या बोटीवर आगवाला म्हणून लागला. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा मारणारा. लढाई लागल्यावर ती बोट आरमाराने ताब्यात घेतली. पुढे कुणीतरी येऊन सांगून गेलं की बोट बेपत्ता आहे, माणसांचा ठावठिकाणा नाही. झालं. त्या "बेपत्ता"वर आत्याने उभा जन्म काढला.

सासरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून नायगावच्या खाडीकाठी ती आमच्याच घरी राहायची. दर पितृपक्षात माझे वडील आजा-आजीची पानं वाढायचे आणि भीत भीत विचारायचे, "ताई, भावजींचं पन एक पान मांडू काय?" की भडका उडालाच! "जित्या मानसाचं पान मांडतोस? हात झडतील तुझे!" वडील मुकाट्याने दोनच पानं घेऊन परसात जायचे. मला दोघांचाही राग यायचा. एकाला ठासून बोलता येत नाही, दुसरीला ऐकून घेता येत नाही, आणि मधल्यामध्ये आम्हा पोरांच्या पोटात कावळे.

लग्न होऊन मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आले. नव्वदीचं दशक ते. टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली पळायची. समोरच्या दारात एक म्हातारे काका राहायचे, मूळचे रत्नागिरीकडचे, सारी हयात बोटीवर घालवलेले. आमचं दार उघडं दिसलं की आलेच आत. गॅसवर दूध चढतंय, मुलगी शाळेसाठी रडतेय, आणि यांचं आपलं एडन, मोंबासा चालू. "काका, दुपारी सांगा ना," असं म्हणून मी कितीदा वाटेला लावलं असेल त्यांना.

अशाच एका श्रावणातल्या दुपारी मी भाजी निवडत होते आणि ते त्यांच्या पहिल्या बोटीबद्दल सांगत होते. बोलता बोलता त्यांनी बोटीचं नाव घेतलं. इंग्रजी, तोंडात न बसणारं नाव, पण आमच्या घरात ते लहान पोरालाही पाठ होतं. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "तिच्यावर वसईकडचा कुणी होता का हो?" मी विचारलं. "होता तर! आगवाला होता. खाडीकाठचा," काका म्हणाले. "तू कशाला विचारतेस गो?"

मी आत्याचं सांगितलं, तेव्हा काकांनी त्या बोटीचं पुढे काय झालं तेही सांगितलं. पुढचे काही दिवस माझं कशात म्हणून चित्त लागेना. आमटीत दोनदा मीठ पडलं, मुलीवर विनाकारण खेकसले. नवरा म्हणाला, "कशाला सांगतेस? म्हातारी आहे सुखात." मी उसळलेच. "सुखात? जेवताना बघितलंयस तिला कधी? तोंड दाराकडे करून जेवते ती." तरी पाऊल उचलत नव्हतं. सांगितलं आणि तिने हाय खाल्ली तर? आणि न सांगता ती गेली तर? शेवटी एका रविवारी काकांना घेऊन माहेरी गेलेच.

काका ओटीवर बसले. वडील समोर, आत्या खांबाला टेकून. मला आत-बाहेर केल्याशिवाय राहवेना. काकांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. बोट जुनी, आधी लाकूड वाहायची. आरमाराने घेतली तेव्हा तिला राखाडी रंग फासला आणि मागे एक तोफ बसवली. पोटात कोळसा आणि पिठाची पोती भरून ती आफ्रिकेच्या अंगाला लढाऊ बोटींना पुरवठा करायला जायची.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. "त्या नावाच्या छप्पन बोटी असतील. आमचा मानूस त्याच बोटीवर, कशावरनं?"

"बाय, तो गौरी यायचा दिवस होता," काका म्हणाले. "आम्हां कोकणातल्या पोरांना घरची आठवण आली. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, त्याच्याकडून वाटीभर पीठ मागितलं आणि तुमच्या माणसाने भंडारखान्यापासून आमच्या खाटांपर्यंत गौरीची पावलं काढली. मूठ बुडवायची आणि उठवायची. पण सगळी पावलं डावीच! आम्ही म्हटलं, अरे, तुझी गौर काय लंगडी घालत येते?"

आत्याला एकदम हसू फुटलं. "मीच शिकवलं होतं त्याला," ती म्हणाली. "उजवी मूठ काय वळलीच नाय मेल्याची." हसता हसता तिने तोंडाला पदर लावला, आणि मला कळलं की आता तिला पटलं.  मी आत-बाहेर करायची थांबले आणि दारातच उभी राहिले.

"मग?" तिने विचारलं.

"मग पाळी लागली म्हणून तो खाली गेला. दिवस मावळायच्या सुमाराला टॉर्पेडो बसला, तो इंजिनाच्याच बाजूला. आम्ही डेकवरचे होडीत उतरलो. बघता बघता बोट नाकावर उभी राहिली आणि गेली."

"खालचा कोनपन वर आला नाय?"

"नाही गो बाय. कुणीच नाही."

आत्या उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. मला वाटलं, आता टाहो फोडेल, बांगड्या फोडेल. तिने डब्यातले तांदूळ काढून धुतले, चूल पेटवली आणि मला म्हणाली, "परसात जा. केळीचं पान काप, चांगलं मोठं."

वडील दारात येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण बोलले ते समजुतीचंच. "ताई, आता तिथी कळली ना. पितृपक्षात भटजींना बोलावून सगळं रीतीने करू. महिन्याचा तर प्रश्न हाय."

आत्या गर्रकन वळली. इतकी वर्षं तिला चिडलेली पाहिली होती, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"मी त्याला जिता धरून बसले, आनि पन्नास वर्सं त्याच्या नावाचा घास कोनी ठेवला नाय. मी ठेवू दिला नाय," ती म्हणाली. "आनि तू म्हनतोस, अजून महिनाभर त्याला उपाशी ठेवू?"