एका नोडला एकच पालक

माझ्या हार्डवेअरच्या दुकानातल्या मालाची यादी संगणकात झाडासारखी मांडली आहे. ‘सुतारकाम’ या फांदीवरचे खिळे मी स्क्रिप्ट लिहून ‘बांधकाम’ फांदीलाही जोडले, तर ते सुतारकामातून गायबच झाले! तीनदा तेच.

“काका, एका नोडला, म्हणजे झाडातल्या एका नोंदीला, एकच पालक असतो,” प्रोग्रामर शलाका म्हणाली. “दुसऱ्या फांदीला जोडलात की पहिल्या फांदीवरून सुटतो.”

“का? दोन्हीकडे लागतात ते!”

“माझ्याशी काय भांडताय?”

खरंच, नियम संगणकाचा; घासाघीस करायला समोर माणूसच नव्हता. आठव्या वर्षी मला मामाकडे ठेवलं, तेव्हा त्याच्या रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी घरच्या कार्डावरून कमी केलं. “तिकडे लावायचं तर इकडचं काढावंच लागतं,” वडील म्हणाले. मी नुसती मान हलवली होती.

आज त्या बिचाऱ्या पोरीवर ओरडलो, “अगं, पण खिळ्यांना विचारलं का कोणी?”