शनिवारची गाठ

मी मराठी शाळेत मास्तर होतो आणि मुलांना शरीरविज्ञान शिकवत असे. शिकवत असे म्हणजे हाडं मोजून घेत असे. शाळेला तीन तक्ते मिळाले होते: एक हाडांचा, एक स्नायूंचा आणि एक मज्जातंतूंचा. तपासणीला येणारे साहेब शरीरात हाडं किती एवढंच विचारत. त्यामुळे हाडांचा तक्ता वर्षभर भिंतीवर असे, स्नायूंचा पावसाळ्यात फुटक्या खिडकीला लावायच्या कामी येई, आणि मज्जातंतूंचा कपाटावर गुंडाळून पडलेला होता. तो मी कधी उघडलाच नाही. दोनशे सहा हाडं मात्र मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येत, आणि ती म्हणता येतात म्हणजे माणसाचं शरीर आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज होता.

हे सांगायचं कारण माझी मुलगी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. अंगाने किरकोळ, पण हाताची चपळ. सागरगोटे खेळायला बसली की बोळातल्या मोठ्या मुलीही तिच्याशी खेळायला कां कूं करत. नागपंचमी होऊन गेली होती, तरी बोळाच्या तोंडाशी चिंचेला बांधलेला झोका कुणी उतरवला नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती त्या झोक्यावर उभी राहिली आणि उजव्या हातावर पडली. हाड कोपराच्या जरा वर मोडलं होतं. दंडाचं हाड, खालचं टोक, असं मी तिथल्या तिथे ओळखलं. ओळखता आलं याचं मला त्या घटकेलाही बरं वाटलं होतं.

त्या काळी आमच्याकडे हाड मोडलं की माणसं दवाखान्यात जात नसत, तालमीत जात. तिथले वस्ताद पैलवानांचे खांदे, मनगटं बसवत आणि त्यांच्या हाताला गुण होता. मीही पोरवयात त्यांच्यासमोर लाल माती अंगाला लावलेली होती. श्रावणातला शनिवार असल्याने तालमीतल्या मारुतीपुढे गर्दी होती. वस्तादांनी मुलीला मांडीवर घेतलं, दोन बोटांनी हाड चाचपलं आणि एका झटक्यात बसवलं. मग आंबेहळद आणि मेदालकडीचा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर ओल्या कापडाची पट्टी. शेवटची गाठ त्यांनी मारुतीपुढे मारली आणि गाठीला शेंदराचं बोट लावलं.

"मास्तर, हाड बेस बसलंय. आता येत्या शनवारी देवाम्होरंच गाठ सोडू," ते म्हणाले. "पोर किती का रडंना, तवर या गाठीला हात लावायचा नाय."

ही तिथली रीत होती. शनिवारी बांधायचं, शनिवारीच सोडायचं. मधे गाठ सोडली तर हाड वाकडं बसतं आणि देवाचा कौल मोडतो, असं सगळे मानत. मी शिकलेला माणूस. कौलाबिलावर माझा विश्वास नव्हता. पण हाड हलता कामा नये हे मला पटलं होतं, आणि माझ्या लेखी हात म्हणजे हाडच होतं.

त्या दिवशी संध्याकाळपासून ती रडायला लागली. नुसतं रडणं नव्हे, कळवळणं. रविवारी दुपारपर्यंत तिची बोटं फुगून टरटरीत झाली आणि नखं निळसर दिसायला लागली. एखादं बोट जरा सरळ करायला गेलं तरी ती किंचाळे. बोटात घट्ट अंगठी अडकल्यासारखं होतंय, पट्टी थोडी सैल करा, एवढंच ती पुन्हा पुन्हा मागत होती. माझ्या बायकोने शेवटी शिवणाच्या डब्यातली कात्री आणली.

"बोटं बघा तिची. गार पडलीत," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली. हाड जुळताना सूज येते, दुखतं, तू कधी पुस्तक उघडलं आहेस का, असं काहीबाही बोललो. माझा तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तिचं काही चालत नसे. कात्री मी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मुलीला म्हणालो की मास्तरांची मुलगी अशी रडते का, लोक हसतील. ती ओठ चावून गप्प बसायचा प्रयत्न करू लागली. तो प्रयत्न मला आवडला होता.

मंगळवारी सकाळी तिचं रडणं थांबलं. दुखतं का विचारलं तर नाही म्हणाली. चार घास भात खाल्ला आणि झोपली. मी शाळेत जाताना तालमीत वाकडी वाट करून मारुतीला नारळ फोडला, रुईच्या पानांची माळ घातली, वस्तादांना बातमी सांगितली. शाळेत सगळ्या मास्तरांना प्रसाद वाटला. त्या दिवशी मी मुलांवर एकदाही छडी उगारली नाही.

घरी आलो तर बायको मुलीच्या उशाशी बसलेली. "हिला चिमटा काढला तरी कळत नाही," ती मला म्हणाली. सूज उतरताना असं बधिर होतंच, असं मी सांगून टाकलं. मला कुठल्याही गोष्टीचं कारण विचारा, तयार असे.

शनिवारी मारुतीपुढे गाठ सुटली. वस्तादांनी हाडावरून बोट फिरवलं. मलाही फिरवायला लावलं. हाड सरळ होतं, सुरेख जुळत होतं. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. हाताचा रंग मात्र पांढुरका, फोड आलेले, आणि बोटं आत वळलेली. तेलाने चोळा, मोकळी होतील, वस्ताद म्हणाले. आम्ही दिवाळी उलटून जाईपर्यंत चोळत होतो. हात वाळत गेला आणि बोटं तळव्यात घट्ट शिरत गेली.

मग सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी तिचं मनगट खाली वाकवलं, तशी बोटं थोडी उघडली. मनगट सरळ केलं, बोटं पुन्हा मिटली. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. तिला वाटलं बोटं हलायला लागली, ती माझ्याकडे बघून हसली.

हाड कुणी बसवलं, फार चांगलं बसलंय, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना हाडाचं नाव सांगितलं. तेव्हाही सांगितलं, काय म्हणावं मला. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एखाद्या विद्यार्थ्याला समजवावं तसं मला समजावलं. सूज आत वाढत होती आणि बाहेरून पट्टी सैल होत नव्हती. हाताकडे जाणारं रक्त त्यात अडलं. हाडाला ते सोसतं, स्नायूंना सोसत नाही. ते मेले आणि आखडले. मज्जातंतूही गेले. आता तेलाने काही होणार नाही.

"किती दिवस रडत होती?" त्यांनी विचारलं.

तीन दिवस, मी म्हणालो. मग थांबली.

"पहिल्याच दिवशी पट्टी कापली असती तर हात वाचला असता. ती रडत होती, कारण आत काहीतरी जिवंत होतं."

मुलगी तिथेच स्टुलावर बसलेली होती. मोठ्यांच्या बोलण्यात मुलांचं लक्ष नसतं असं आपण धरून चालतो.

आम्ही टांग्यातून परत निघालो. वळलेला हात तिने परकराच्या घोळात घातला होता. नदीवरच्या उताराला टांगा हळू झाला, तेव्हा तिने मला विचारलं.

"बाबा, मी रडायची थांबले म्हणून असं झालं का?"

मग तिनेच पुढे सांगितलं, "तुम्ही रडू नको म्हणालात म्हणून मी थांबत होते. मला माहीत असतं तर मी रडत राहिले असते."

तुझं काही चुकलं नाही, चूक माझी आहे, एवढं तिला सांगायचं होतं. ते शब्द तोंडापर्यंत आले होते. पण टांगेवाला ओळखीचा होता, त्याची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती. त्याच्यादेखत मास्तरांना चूक कबूल करवेना. घरी गेल्यावर सांगू, असं मी ठरवलं. घरी बायको दारातच उभी होती, तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला आत नेलं. मी ते कधीच सांगितलं नाही. ती आता चाळिशीत आली आहे, डाव्या हाताने माझं सगळं करते, आणि कुठे दुखलं-खुपलं की तिच्या वयाची बाई गप्प बसेल, तिथे ती अजून मोठ्याने रडते.