जरबेराने माना टाकल्या तेव्हा

मित्रांनो, आज खूप थकलोय, तरी हे लिहून मगच पडतो.

मळवलीच्या ज्या पॉलिहाऊसमध्ये मी कामाला आहे, तिथली पाण्याची मोटर काल जळाली. आज दुपारी जरबेराच्या फुलझाडांनी माना टाकल्या. मालक फोनवर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत उठली नाहीत तर उपटून टाक." सगळी रोपं मीच लावलेली.

मोटर दुरुस्त होताच मी घाईने खताचं पाणी सोडायला धावलो. रोपं बघायला आलेल्या कृषी सल्लागार मॅडमनी अडवलं. "थांब. आधी साधं पाणी दे. तहानलेल्या मुळांना खत झेपत नाही. आणि घाबरू नकोस, झाड जिवंत आहे."

मग त्यांनी समजावलं. पानातल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. पाणी कमी पडलं की त्यातला थोडा भाग तुटतो आणि तोच ‘पाणी संपतंय’ असा निरोप बनतो. मग पानावरची बारीक छिद्रं मिटतात आणि उरलेलं पाणी आत टिकतं.

सोबत काम करणारे आबा हसले. "म्हंजी आमच्यावानीच. दुपारी दार लावून गप पडायचं!"

"हो आबा, पण दार लावलं की हवा आत येत नाही, मग पानाचा स्वयंपाकही बंद," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी बहुतेक रोपं उठली. कडेची एक ओळ अजून पडलेलीच आहे. मालकांना म्हणालो, "ती सकाळपर्यंत राहू द्या." त्यांचं न ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ. ते "बरं" म्हणाले.

झाड स्वतःचाच तुकडा मोडून वेळेवर निरोप धाडतं. मला तर थकलोय एवढं सांगायलाही रात्र होते. तुम्ही थकलात की आधी कुणाला सांगता?