धरणाकडं वळलेल्या रेषा

आधीच सांगते, मी असल्या भानगडीतली बाई नाही. आमच्याकडं कुणाच्या घरात चार भांडी आपोआप पडली की लगेच भानामती... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ विचारायची, "मांजर पाळलंय का?" माजलगावात एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिथंच एका खोलीत माझं पीएच.डी.चं काम चालतं. तेव्हा खालचं वाचून हसावंसं वाटलं तर खुशाल हसा. मी पण हसले असते.

काम काय, ते थोडक्यात. कोबाल्ट फेराइट म्हणून एक चुंबकी पदार्थ असतो. त्याची डोळ्याला कण न दिसणारी नॅनो पूड पॉलिमरच्या चिकट द्रावणात कालवायची, काचेच्या बशीत ओतायची आणि दोन दिवस झाकून वाळवायची. तळाशी तपकिरी पापुद्रा उरतो — ती आमची नॅनोकंपोझिट फिल्म. वाळताना शेजारी तगडं चुंबक ठेवलं तर कण त्याच्या रोखानं रांगा धरतात. उजेडात धरलं की पेरणीच्या तासांसारख्या रेषा दिसतात. चुंबक नसेल तर रंग सगळीकडं सारखा, रेषा नाहीत. ही दिशा हाच माझा विषय, म्हणून प्रत्येक बशीच्या काठावर खिडकीच्या बाजूला मी शाईनं खूण करते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुलनेसाठी एक बिनचुंबकाची फिल्म वाळत ठेवली होती. सकाळी झाकण काढते तर... रेषा! पार बशीभर, आणि खिडकीकडच्या टोकाला जास्त दाट. मी तडकलेच. माझ्याबरोबर वैजनाथ म्हणून एक जण संशोधन करतो, तलवाड्याचा. त्याला धरला.

"चुंबक कुठं ठेवलंस रे?"

"आईशप्पथ ताई, म्या हातबी लावला न्हाई. समदी कपाटात हायेत."

"मग ह्या रेषा काय तुझ्या आज्ज्यानं ओढल्या?"

"तुमच्या पर्समधी बघा की... काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

पर्स उलटी केली. टेबलाखाली वाकून बघितलं, कपाट सरकवलं. होकायंत्र आणून बशीजवळ ठेवलं, तर सुई आपली निमूट उत्तरेला. रेषांचा न् उत्तरेचा काही संबंधच नाही.

एवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझे अण्णा घरात न्हाईत. दार सताड उघडं हाय."

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अलीकडं त्यांना लई विसरायला होतं. मागं एकदा स्टँडवर सापडले होते, आमच्या जुन्या गावाची एसटी विचारत. ते गाव अण्णांच्या तरुणपणीच धरणाच्या पाण्याखाली गेलंय.

काकूंची माणसं स्टँडकडं पळाली होती. मी पण किल्ली उचलली, स्टँडकडंच निघणार होते... आणि टेबलावरच्या बशीवर नजर गेली. रेषेला दोन टोकं असतात. एक टोक स्टँडकडं होतं. दुसरं, दाट टोक, खिडकीतून सरळ धरणाकडं.

मी विचार-बिचार केला असं खोटं सांगणार नाही. गाडी धरणाकडं वळवली, एवढंच. मागं बसलेला वैजनाथ ओरडत होता, "ताई, स्टँड इकडं हाय की!"

अण्णा पाण्यात होते. कमरेपर्यंत. चपला काठावर जोडीनं काढून ठेवलेल्या. अजून पुढंच चालले होते, अंगणातून घरात शिरावं तसे, सावकाश. मी हाक मारली तर वळून बघितलं नाही. वैजनाथ तसाच कपड्यांनिशी आत घुसला. दोघांनी मिळून ओढत काठावर आणलं, तर अण्णा आमच्यावरच चिडले.

"सोडा की! तुझी माय कवाधरनं हाका मारायलीय. भाकरी थंड व्हायल्यात म्हनती."

आईचं नाव काढल्यावर मात्र माझा बांध फुटला. भर उन्हात चिखलात बसून ढसाढसा रडले.

त्या दिवशी आम्ही सगळे एकच समजलो. फिल्मनं अण्णांना शोधून दिलं. वैजनाथ तर म्हणाला, "ताई, बशीला हळदकुंकू वाहा." मी त्याला दटावलं, पण मनातून हात जोडले होते.

नंतर भाऊ अण्णांना पुण्याला घेऊन गेला. आणि मला काही स्वस्थ बसवेना. पुन्हा बिनचुंबकाची फिल्म ओतली. अण्णा इथं नाहीत म्हटल्यावर रेषा येणारच नाहीत, असं धरून चालले होते. झाकण काढलं... रेषा. धरणाकडं.

टेबल बदललं, बशा बदलल्या, पूड नवी केली. मी रजेवर असताना वैजनाथनं एकट्यानं ओतली. खोली बदलली की रेषा थोड्या फिरतात, पण रोख त्याच पाण्यावर. छत्रपती संभाजीनगरच्या मैत्रिणीनं हीच कृती तिच्याकडं केली, तर फिल्म स्वच्छ. आमचे गाईड म्हणतात, इमारतीतल्या सळया असतील, धरणाची लोखंडी दारं असतील. अहो, मग होकायंत्र का हलत नाही?

आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. फिल्म वाळायला दोन दिवस लागतात. अण्णा घराबाहेर पडले त्या सकाळी. म्हणजे ते पाण्यात उतरायच्या आधीच रेषा पडल्या होत्या. त्या अण्णांकडं बोट दाखवत नव्हत्या. तिकडून काहीतरी ओढत होतं... कणांनाही आणि अण्णांनाही. काय, ते मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, पण भानामती-बिनामती सांगू नका.

भाऊ म्हणतो, फ्लॅटमध्ये अण्णा नुसते सुकत चाललेत, जेवत नाहीत, घेऊन जा. मी नाही म्हणते. तो मला दगडाच्या काळजाची म्हणतो. त्याला काय सांगू, फिल्मवर रेषा येतात म्हणून?

अण्णा रोज फोनवर विचारतात, "पोरी, घरी कवा नेतीस?"

"नेते, अण्णा," म्हणते, आणि नेत नाही.

काल म्हणाले, "इथं तुझ्या मायचा आवाज येत न्हाई गं."

ऐकून मला हायसं वाटलं, आणि लगेच लई रडू आलं.