दुपारचं विमान आणि दोन हेडफोन

आमच्याकडे कम्प्युटर आला तो ह्यांच्या कामासाठी. हे सातपूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि रविवारी बाहेरची ड्रॉइंगं घरी करून द्यायचे. बाकीचे सहा दिवस तो हॉलच्या कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. त्यात कुणीतरी विमान उडवायचा एक गेम टाकून दिला होता. हे त्याच्या वाटेला कधी गेले नाहीत. मी गेले.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. दुपारी मुलगी शाळेत असायची, सासूबाई जेवून हॉलमधल्याच दिवाणावर आडव्या व्हायच्या. गंगापूर रोडवर तेव्हा आजच्याइतकी वर्दळ नव्हती. हिरव्या पडद्यातून येणारा उजेड फरशीवर पाण्यासारखा हलायचा, कूलर घुमत असायचा, आणि मी एका छोट्या पांढऱ्या विमानात बसून तळ्यावरून जात असायचे. गेममधला मुलूख कुठला परदेशचा होता कोण जाणे. मी तळ्याला गंगापूरचं धरण म्हणायचे आणि नदीला गोदावरी.

अडचण एकच होती. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून स्पीकर बंद ठेवावे लागत, आणि आवाजाशिवाय मला विमान उतरवता येईना. वेग फार कमी झाला की इंजिन दमल्यासारखं व्हायचं, मग एक बारीक शिट्टी वाजायची. ती ऐकू आली तर सावरता येई. मुक्यानं उतरवलं की दर वेळी विमान शेतात.

भिशीतले तीनशे रुपये मी बाजूला ठेवले होते. ते घेऊन एम.जी. रोडवरच्या एका दुकानात हेडफोन आणायला गेले.

“मुलासाठी हवाय का?” दुकानदारानं विचारलं. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस.

“मलाच हवाय. विमानाचा गेम आहे.”

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि मग लग्नाची साडी दाखवावी तितक्या मनापासून तीन डबे काउंटरवर मांडले. पहिला वॉकमनला असतो तसा, पातळ पट्टीचा आणि काळ्या स्पंजचा. त्यानं दुकानातल्या कम्प्युटरला पिन लावून एक मोटारीचा गेम सुरू केला. शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसं इंजिन ऐकू आलं. दुसरा जाड गाद्यांचा, अख्खा कान झाकणारा. तो चढवला आणि रस्ता गायब झाला. रिक्षा नाही, हॉर्न नाही. मोटार डाव्या कानातून आली आणि डोक्याच्या मागून उजवीकडे निघून गेली. मी नकळत मान वळवली. दुकानदाराचे ओठ हलत होते. मी हेडफोन काढला.

“म्हटलं, हा लावला की बाहेरचं काही कळत नाही. घरी कोण असतं दुपारी?”

“सासूबाई.”

“मग विचार करा, ताई. स्पंजचा हलका वाजतो, पण हाक तरी ऐकू येईल.”

तिसरा मी कानाला लावलाच नाही. तो परवडणारा नव्हता, आणि लावला असता तर दुसरा आवडला नसता. विचारही फारसा केला नाही. दुसरा घेऊन आले.

आठ-दहा दिवस मी नुसती तरंगत होते. ढगात शिरलं की वाऱ्याचा आवाज बदलायचा, चाकं धावपट्टीला टेकली की पाठीत कळायचं. एकदा अशीच तासभर उडून उतरले, हेडफोन काढला, वळून पाहिलं तर दिवाण रिकामा. स्वयंपाकघरात सासूबाई नाहीत, बाथरूममध्ये नाहीत. तेवढ्यात वरून दार ठोठावल्याचा आवाज आला.

गच्चीच्या दाराची आतली कडी सैल होती, दार आपटलं की आपोआप अडकायची. वाळत घातलेल्या कुरडया उलटायला त्या वर गेल्या आणि वाऱ्यानं दार लागलं. मी धावत जाऊन उघडलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पदर डोक्यावर घेऊन त्या बसल्या होत्या. चेहरा लाल झाला होता.

“लय हाका मारल्या गं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, झोपली आसंल.”

हो म्हणता आलं असतं. पण मला ते जमेना. त्यांना खाली आणलं, माठातलं पाणी दिलं, पायावर ओला पंचा ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी भांड्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाल्या, “कसलं इमान? मला ऐकू दे.”

मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि विमान सुरू केलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले. “वारं हाय,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दुकानदारानं थोडे पैसे कापून हेडफोन परत घेतला. काय झालं ते विचारलं नाही. बदल्यात मी स्पंजचे दोन घेतले आणि एका पिनच्या दोन करणारी वायर. आवाज तसा पातळच होता. पण कुकरची शिट्टी कळायची, बेल कळायची, आणि सासूबाई शेजारी बसून काय म्हणतात तेही.

त्या म्हणायच्या, “आज सायखेड्यावरनं ने.” तिथे त्यांची धाकटी बहीण दिली होती. मी नदीच्या काठानं पूर्वेला निघायचे आणि सांगायचे, “आई, नाशिक मागं राहिलं. आता डाव्या हाताला मळे. हे सायखेडा आलं.”

“खाली घे जरा.”

मी खाली घ्यायचे. मग तिथून येवला, त्यांचं माहेर. घरात हातमाग होते, त्या आवाजात आपण लहानाच्या मोठ्या झालो, असं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यापूर्वी मी कधी विचारलं नव्हतं. इंजिनाच्या एकसुरी घरघरीत त्या बोलत राहायच्या, कुठल्या रंगाचा काठ कुणी विणला, कुठल्या खोलीत ऊन यायचं. कधी बोलता बोलता मान कलायची. मग मी विमान वळवायचे नाही. तसंच सरळ जाऊ द्यायचे, इंधन संपत येईपर्यंत.

दोन वर्षांनी ह्यांनी नवा कम्प्युटर आणला. त्यावर तो गेम काही केल्या चालेना. सासूबाईंनी दोन-तीन दुपारी विचारलं, मग पुन्हा दिवाणावर आडव्या होऊ लागल्या. मी त्यांच्या पायाशी बसून वाटाणे सोलायचे, आणि त्या डोळे मिटून येवल्याचं पुढचं सांगायच्या.