बंब भरला काय वं?

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. देवापुढे बसले तेव्हाही नाही — त्याला ठाऊकच असेल, असं म्हणून टाळलं. आज तुम्हाला सांगते. गोष्ट एका बंबाची आहे. हसू नका, खरंच बंबाची आहे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि वऱ्हाडात, मलकापूरच्या सासरी, मीही नवीच होते. न्हाणीत तांब्याचा मोठा बंब होता. मधल्या नळीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटवायच्या, भोवती पाणी, खाली तोटी. आमच्या भागाचं पाणी खारं, त्यामुळे आत क्षार धरायचा आणि तोटी चोंदायची. कधी धूर कोंडायचा, कधी पाणी कोमटावरच अडायचं. मग सगळं घर हाक मारायचं — आत्याबाई!

आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. स्वयंपाकघर सासूबाईंचं, दुकान मामंजींचं. आत्याबाईंचं म्हणावं असं त्या घरात काय होतं? बंब होता. संध्याकाळी तो सुनेने भरायचा आणि पहाटे आत्याबाईंनी पेटवायचा, अशी वाटणी होती. बाकी कोणी काडी लावलेली त्यांना खपत नसे.

माझी पहिली दिवाळी होती. पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी बंब घासून, भरून, त्याला माळ घालतात. मी चिंचेने असा घासला की त्यात तोंड दिसावं. आतला क्षार काढायला तो रिकामाही केला, आणि वर झेंडूची माळ घातली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा हात चांगला हाये." त्या कौतुकाने मी अशी फुगले की — भरायचंच विसरले. सजवलेला, चकाकणारा, कोरडा बंब.

इथपर्यंत चूकच होती. चूक कोणाच्या हातून होत नाही?

पहाटे चांगलीच थंडी होती. आत्याबाई न्हाणीत गेल्या. एरवी त्या टोपण उघडून बोट बुडवून बघायच्या, पण त्या दिवशी वर माळ होती, ती विस्कटायला नको म्हणून त्यांनी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारलं, "कुसुम, बंब भरला काय वं?"

मला आठवलं. त्याच क्षणी आठवलं — झोपेत होते असं म्हणायची सोय नाही. पण उठायचं म्हणजे विहिरीवर जायचं, आणि कालच्या कौतुकावर पाणी पडायचं. वाटलं, थोड्या वेळाने उठून गुपचूप दोन घागरी ओतू. गोधडीतूनच होकार दिला, "हाव."

आणि डोळा लागला.

जाग आली ती आरडाओरड्याने. तांबं काळंनिळं पडलं होतं, सांध्याची झाळ वितळून फटी पडल्या होत्या. कोणीतरी घाईने वरून पाणी ओतलं, ते तसंच खाली राखेत उतरलं. सणाच्या दिवशी सगळं घर चुलीवरच्या पातेल्यावर न्हालं.

"म्या कुसुमले इचारलं," आत्याबाई म्हणाल्या. "ते हाव म्हणली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "मले तं कोणी इचारलं नाई. मी झोपली होती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कानात बोट घालून हलवलं. "असंन बा. मलेच तसं वाटलं असंन."

मामंजी म्हणाले, "बाई, तू आता विस्तवापाशी जाऊ नको."

इतकंच झालं. पण त्यानंतर आत्याबाईंचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासच उडाला. दाराची कडी वाजली की शेजारी बसलेल्याला विचारायच्या, "वाजली ना?" घरात मात्र थट्टा रूढ झाली. कोणी भलतंच ऐकलं की "आत्याबाईचा हाव" म्हणायचे. मीही हसायचे. सगळ्यांत आधी मीच.

तांबटाकडून बंब सांधे डागून आला, पण चालेना. धूर डोळ्यांत, पाणी कोमट. सासूबाईंनी राख उपसली, मी नळीतली काजळी खरवडली, पऱ्हाट्या सोडून तुरीच्या तुऱ्हाट्या घातल्या. काही उपयोग नाही. आत्याबाई ओसरीवर न्हाणीकडे पाठ करून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. "आत्याबाई, तुमीच पाहा."

"माया कानाचा काय भरोसा," त्या म्हणाल्या. पण आल्या. बंबाला बोटाने टिचकी मारली, कान लावला, बराच वेळ ऐकलं. "हवा खेचून नाई राह्यला. खालची जाळी उलटी बसवली तुमी." जाळी सरळ केली, काडी लावली, आणि बंब घुमायला लागला.

"कुसुम, आवाज येऊन राह्यला ना?"

"हाव," मी म्हणाले. "येऊन राह्यला." पहिल्यांदा खरं बोलले.

त्यांचा चेहरा काय उजळला! मामंजींना मीच सांगितलं, बंब आत्याबाईंशिवाय कोणाचं ऐकत नाही. तो त्यांना परत मिळाला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी तो थाटात सांभाळला. कड्यांचे आवाज विचारणं हळूहळू बंद झालं. फक्त बंब भरला का, हे मला त्या दोनदा विचारायच्या. पहिल्या उत्तरावर थांबायच्या, मग पुन्हा. मी दोन्ही वेळा खरं सांगायचे. मागचं तेवढं सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता का? रोज सकाळी आम्ही दोघी त्या बंबापाशी होतो.

आता त्या नाहीत. भिंतीवर गिझर आहे आणि पाणी अजून खारंच आहे, तोही क्षार धरतो. परवा तो तापेना. नातसून म्हणाली, बटन लावलंय का असं मी विचारलं होतं, आणि कोणीतरी हो म्हटलेलं मी ऐकलं, आणि आमचा नातू लगेच हसला — "आत्याबाईचा हाव!" ज्यांना त्याने पाहिलंही नाही, त्यांच्यावर.

या वेळी मी हसले नाही. दोघांना समोर बसवलं आणि पहिलं वाक्य सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. आत्याबाईंचे कान शेवटपर्यंत चांगले होते. त्यांनी विचारलं होतं, आणि मी हाव म्हटलं होतं.